उमाबाईंची शेवटची तीन वर्षे

पिंपरी-चिंचवडहून जुन्या मुंबई रस्त्याने निघाले की निगडी, देहूरोड, सोमाटणे फाटा असे करत तळेगाव दाभाडे येते. तिथून उजव्या हाताला फुटणारा रस्ता वराळे, इंदोरी, सुदुंबरे, खालुंब्रे, महाळुंगे ही गावे घेत चाकणला जातो. या रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर धावतात, गाड्यांचे सुटे भाग इकडून तिकडे जातात, शिफ्ट सुटली की कामगारांच्या बसची रांग लागते. इथे कोणी हौसेने फिरायला येत नाही. माणूस येतो तो नोकरीसाठी, माल पोचवायला नाहीतर देवाला. देवाला येणारे मात्र शतकानुशतके येत आहेत, कारण हा सगळा मुलुखच समाध्यांचा आहे. आळंदीला ज्ञानोबा, चिंचवडला मोरया गोसावी, सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे महाराज. याच मुलखात तळेगावच्या बनेश्वर मंदिरापाशी सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची आणि त्यांच्या पत्नी उमाबाईंची समाधी आहे. माझा हा प्रवास उमाबाईंसाठी होता, आणि तोही त्यांच्या विजयासाठी नव्हे, विजयानंतरच्या उतरणीसाठी. यादवीत लढलेल्या, हरलेल्या, कैदेत पडलेल्या आणि अखेर स्वतःच्या गावी विसावलेल्या या बाईंच्या शेवटच्या तीन वर्षांचा माग ज्या जागांवर लागतो, त्या बहुतेक याच पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर आहेत.

उमाबाईंची ओळख आपल्याकडे एका वाक्यात करून देतात: मराठ्यांच्या इतिहासातली सेनापतिपद सांभाळणारी स्त्री, जिने अहमदाबाद जिंकले. ती ओळख खोटी नाही. एप्रिल १७३२ मध्ये गुजरातचा मोगल सुभेदार, जोधपूरचा अभयसिंग, याच्या माणसांनी पिलाजी गायकवाडांचा डाकोरला दगा देऊन खून केला. पिलाजी हे दाभाड्यांचे सरदार. त्या खुनाचा जाब विचारायला उमाबाई स्वतः फौज घेऊन गुजरातेत उतरल्या, १७३३ च्या सुरुवातीला अहमदाबादवर चालून गेल्या आणि अभयसिंगाला चौथ-सरदेशमुखी मान्य करावी लागली. बाईंनी हत्तीवर बसून सैन्य चालवले आणि शाहू महाराजांनी त्यांना पायात घालायला सोन्याचे तोडे दिले, असे सांगतात. हे सगळे अभिमानाने सांगण्यासारखेच आहे. पण उमाबाई त्यानंतर वीस वर्षे जगल्या, आणि त्या वीस वर्षांतली शेवटची तीन या कथेतून गळतात. ती का गळतात हे उघड आहे. अहमदाबादेत शत्रू मोगलांचा सुभेदार होता, १७५० मध्ये समोर पेशवा होता. परक्याशी लढलेली बाई सगळ्यांना हवी असते, घरच्यांशी लढलेल्या बाईचे काय करायचे ते आपल्याला कळत नाही. माझे म्हणणे असे, की उमाबाईंचे राजकीय मोठेपण समजायचे असेल तर अहमदाबादपेक्षा आळंदीकडे पाहावे लागते, आणि त्यांच्या समाधीला अर्थ येतो तोही आळंदीपासून बनेश्वरापर्यंतच्या त्या तीन वर्षांनी.

तळेगावापासूनच सुरुवात करतो. उमाबाई अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या. नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीच्या गडाला ज्या जुन्या पायऱ्या आहेत त्या त्यांनी बांधवून घेतल्या. लग्न होऊन त्या आल्या ते तळेगावच्या पाटलांच्या घरात. हे घर राजाराम महाराजांबरोबर जिंजीपर्यंत गेलेले. खंडेराव शाहू महाराजांच्या पक्षाला राहिले, जानेवारी १७१७ मध्ये त्यांना सेनापतिपद मिळाले, पुढे ते बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीच्या मोहिमेवर गेले आणि गुजरात हे त्यांच्या घराण्याचे कार्यक्षेत्र बनले. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा त्यांनी तळेगावात सुरू केली. ती पुढे पेशव्यांनी पुण्याला नेली, आणि पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये पुण्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली, जिचे पुढे डेक्कन कॉलेज झाले. तळेगावच्या एका वाड्यातला रिवाज पुण्याच्या विद्यापरंपरेचा एक पाया ठरला, हे तळेगावातसुद्धा फारसे बोलले जात नाही. गावाचे आधुनिक उद्योगाशी नातेही वाटते त्यापेक्षा जुने आहे. पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये इथेच निघाला, आजची औद्योगिक वसाहत त्याच्या कितीतरी नंतरची.

२७ सप्टेंबर १७२९ रोजी खंडेराव वारले आणि तिथून पेच सुरू झाला. थोरले चिरंजीव त्र्यंबकराव सेनापती झाले, पण गुजरातच्या चौथाईवर पेशवे बाजीरावांनीही हक्क सांगितला होता. त्यांचे बंधू चिमाजीअप्पा यांनी १७३० मध्ये मोगल सुभेदार सरबुलंदखानाकडून ती कबूल करून घेतली होती. दाभाड्यांच्या दृष्टीने हा सरळसरळ त्यांच्या ताटात घातलेला हात होता. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ दोन मराठी फौजा एकमेकांवर पडल्या आणि सेनापती त्र्यंबकराव गोळी लागून ठार झाले. छत्रपतींच्या प्रधानाने छत्रपतींच्या सेनापतीला रणात मारले. यादवी म्हणतात ती हीच. शाहू महाराजांनी समजुतीचा मार्ग काढला. धाकटे यशवंतराव सेनापती झाले, गुजरात दाभाड्यांकडे राहिली, मात्र तिच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा सरकारात भरावा असे ठरले. यशवंतराव लहान होते, कारभार उमाबाईंच्या हाती आला. निम्मा हिस्सा काही भरला गेला नाही, आणि शाहू महाराजांनीही त्याचा तगादा लावला नाही. सुमारे अठरा वर्षे हा करार कागदावर पडून राहिला. पुढच्या सगळ्या भांडणाचे बीज या न भरलेल्या आणि न मागितलेल्या निम्म्या हिश्शात आहे.

तळेगाव सोडून चाकणच्या दिशेला लागले की इंद्रायणीच्या काठी इंदोरी येते. खंडेरावांनी १७२०-२१ च्या सुमारास इथे गढी बांधली. रस्त्यावरच्या वाहनांतून ती सहज दिसत नाही, वळावे लागते. दरवाजा भक्कम आहे, खाली घडीव दगड आणि वर विटांचे काम. आत कडजाईदेवीचे देऊळ आहे, मागे नदी. बांधकामाची ही रीत नीट पाहिली की सेनापतींच्या घराण्याची त्या काळातली ऐपत आणि गरज दोन्ही कळतात. खालचा दगड तोफेला आणि पुराला टिकण्यासाठी, वरची वीट झपाट्याने काम उरकण्यासाठी. ही काही आणीबाणीत आसरा घ्यायची डोंगरी जागा नव्हती. घाटावरून जुन्नर-खेडकडे जाणाऱ्या वाटेवर, सपाट मैदानात, आपला वचक बसवायला बांधलेली ही गढी. ज्यांनी ही उभी केली ते स्वतःला पेशव्यांचे ताबेदार समजत नव्हते. सेनापती आणि पेशवा, दोघेही छत्रपतींचे चाकर, एकाच रांगेत उभे. उमाबाईंनी पुढे जे केले ते समजायला ही गढी मला कोणत्याही बखरीइतकी उपयोगी वाटली.

या रस्त्याने पुढे चाकण आणि चाकणच्या उत्तरेला खेड, आजचे राजगुरुनगर. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाहिस्तेखानाविरुद्ध दीड महिन्याहून अधिक काळ लढवला. ते सर्वांना ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण मराठ्यांच्या यादवीचा पहिला मोठा सामना याच तालुक्यात झाला हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडला मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूंची आणि ताराबाईंची फौज समोरासमोर आली. सेनापती धनाजी जाधव ताराबाईंच्या बाजूने आलेले, पण ऐनवेळी ते शाहूंना मिळाले आणि निकाल लागला. वर्षभरातच, १७०८ मध्ये, वारणेकाठी वडगावला धनाजी वारले. त्यांची समाधी कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावला आहे. खेडच्या लढाईला मी मुद्दाम इथे आणतो, कारण उमाबाईंवर केला जाणारा पहिला आक्षेप तिथे अडखळतो. आक्षेप असा, की त्यांनी ताराबाईंशी हातमिळवणी करून राज्यात फूट पाडली. पण मराठी राज्यातली फूट १७५० ची नव्हे. ती खेडच्या मैदानात पडली होती, तिच्यातूनच शाहूंची गादी आणि त्या गादीच्या सावलीत पेशवाई उभी राहिली. धनाजींनी बाजू बदलली तेव्हा त्याला कोणी फितुरी म्हटले नाही, कारण ती जिंकणाऱ्याच्या बाजूने होती. निष्ठेचे माप दर वेळी निकालानंतर काढायचे, ही सवय सोडली नाही तर उमाबाईंना न्याय मिळणार नाही.

चाकणहून दक्षिणेला आळंदी. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निपुत्रिक वारले. गादीवर रामराजा बसले, आणि सप्टेंबर १७५० मध्ये सांगोल्याच्या करारान्वये राज्याचा कारभार व्यवहारात पेशव्याकडे गेला. बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेब पेशवे यांची तिजोरी कर्जाने पोखरली होती. त्यांनी गुजरातचा निम्मा हिस्सा मागितला. उमाबाईंनी आधी आपले वकील यादो महादेव निरगुडे यांना बोलणी करायला पाठवले, ती फिसकटली. मग त्या स्वतः आळंदीला पेशव्यांना भेटल्या. तारीख २२ नोव्हेंबर १७५०. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता, की १७३१ चा करार आमच्यावर लादलेला होता, आमचा कर्ता मुलगा रणात पडलेला असताना तो आमच्याकडून लिहून घेतला, सबब तो आम्हांला बांधील नाही. नानासाहेबांनी हे मानले नाही. आळंदीची ही भेट मला फार मोलाची वाटते. तोवर उमाबाई वैधव्याला एकवीस वर्षे झालेल्या, वडील मुलगा गमावलेल्या, वयाने उतरत्या. त्यांच्या हाताशी गुजरातेत पिलाजींचे चिरंजीव दमाजी गायकवाड यांची फौज होती. त्यांनी आधी तलवार काढली नाही, वकील पाठवला. वकिलाने भागले नाही तेव्हा समोर बसून बोलल्या. ज्ञानोबांच्या गावात, ज्या माणसाच्या बापाने आपला मुलगा मारला त्या माणसासमोर बसून त्यांनी आपला हक्क मांडला. अहमदाबादेत दिसते ते शौर्य. इथे दिसते ती राजकीय बुद्धी, आणि तिला धीर लागतो तो वेगळा.

दोनच दिवसांनी, चंपाषष्ठीला, ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. उमाबाई त्यांना ऑक्टोबरातच शंभू महादेवाला भेटल्या होत्या, त्यामुळे आळंदीची भेट म्हणजे नुसते सोंग होते, कट आधीच शिजला होता, असे म्हणता येईल. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर आहे. दोन्ही दरवाजे उघडे ठेवणे हे त्या काळच्या राजकारणात लबाडीचे लक्षण नव्हते, रोजचा व्यवहार होता. त्र्यंबकराव निजामाशी संधान बांधून होते म्हणून बाजीरावांनी त्यांच्यावर शस्त्र उचलले, आणि तेच बाजीराव डिसेंबर १७३२ मध्ये रोहे-रामेश्वरला निजामाला भेटून समझोता करून आले. जो मार्ग पेशव्याला मुत्सद्देगिरी म्हणून शोभतो तो सेनापतीला फितुरी म्हणून लागू करता येत नाही. शिवाय आळंदीत नानासाहेब काही प्रमाणात जरी झुकते तरी उमाबाईंना ताराबाईंच्या बाजूने जाण्याची गरज उरली नसती. ताराबाईंना हवी होती सत्ता, उमाबाईंना हवा होता आपला मुलुख. या दोघींना एकत्र आणले ते पेशव्यांच्या नकाराने.

त्यानंतरचे युद्ध वेगाने झाले. दमाजी गायकवाड पंधरा हजारांची फौज घेऊन गुजरातेतून निघाले, पुण्याच्या रोखाने आले, पेशव्यांच्या घरच्या बायकांना सिंहगडाचा आसरा घ्यावा लागला. मग दमाजींनी मोहरा साताऱ्याकडे वळवला, निंबला पेशव्यांच्या त्र्यंबकराव पुरंदऱ्यांना मागे रेटले आणि ते ताराबाईंना जाऊन मिळाले. पण मार्च १७५१ च्या मध्याला वेण्णेकाठी त्यांचा पाय घसरला. नानासाहेब निजामाच्या सरहद्दीवरून सुमारे चारशे मैल तेरा दिवसांत तोडून साताऱ्याला पोचले. वाटाघाटी सुरू झाल्या. पेशव्यांनी निम्मी गुजरात आणि पंचवीस लाख रुपये मागितले. दमाजींनी सांगितले की मी दाभाड्यांचा चाकर आहे, धनिणीला विचारल्याशिवाय मला हे कबूल करता येत नाही. ३० एप्रिलच्या संध्याकाळी पेशव्यांच्या फौजेने अचानक त्यांच्या तळावर झडप घातली आणि दमाजींना शरण यावे लागले. पुढे दमाजी पेशव्यांना डाव्या हाताने मुजरा करत, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्या काळच्या लोकांना ही झडप कशी वाटली हे तिच्यात उतरले आहे. मे महिन्यात गायकवाडांच्या आणि दाभाड्यांच्या घरची माणसे धरली गेली, लोहगडावर आणि पुण्यात नजरकैदेत राहिली. तळेगावच्या पश्चिमेला निरभ्र दिवशी लोहगडाचा डोंगर दिसतो. सेनापतींच्या घराला आपल्याच शिवेवरच्या गडाचा तुरुंग झालेला पाहावा लागला.

आता दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. युद्धात हरल्यावर झालेला प्रत्येक तह दबावाखालीच होतो. ‘दबाव होता म्हणून बंधन नाही’ हे एकदा मान्य केले तर जगातला एकही तह टिकणार नाही, मग पेशव्यांनी तरी उमाबाईंचे का ऐकावे? तत्त्व म्हणून हे बरोबर आहे, आणि केवळ दबावाच्या मुद्द्यावर उभे राहून उमाबाईंची बाजू जिंकता येत नाही, हे मी मान्य करतो. पण त्यांच्या बाजूला त्याहून भक्कम एक गोष्ट होती. करार झाला होता छत्रपतींशी, छत्रपतींच्या खजिन्यासाठी. शाहू महाराजांनी हयातभर तो वसूल केला नाही. धनी ज्याची मागणी करत नाही ते देणे धन्याच्या मृत्यूनंतर त्याच्या एका प्रधानाने दुसऱ्या प्रधानाकडून, तेही स्वतःचे कर्ज फेडायला, वसूल करावे का? मला वाटते १७५१ चा खरा प्रश्न गुजरातच्या रुपयांचा नव्हता. राज्य छत्रपतींचे की पेशव्यांचे, सेनापती हा पेशव्याचा सहकारी की हाताखालचा माणूस, हा प्रश्न होता. तो इतक्या उघडपणे समोर मांडणारे उमाबाईंइतक्या अधिकाराचे दुसरे कोणी त्या वेळी उरले नव्हते. त्या हरल्या आणि प्रश्नाचा निकाल लागला. दाभाड्यांचे सेनापतिपद गेले, जहागीर गेली, आणि पेशव्यांच्या बरोबरीने बोलणारे एक जुने घर कायमचे खाली बसले.

यावर तिसरा आक्षेप व्यवहाराचा. पेशव्यांनी केले ते कठोर असेल, पण त्याने काम झाले. दाभाड्यांच्या घरात यशवंतराव व्यसनात बुडालेले, खरी सत्ता गायकवाडांच्या हातात गेलेली. अशा ढिल्या व्यवस्थेत गुजरात कधी पूर्ण हाती आली नसती. याला पुरावाही आहे. १७५२ मध्ये दमाजी पेशव्यांशी करार करून सुटले, आणि १७५३ च्या वसंतात पेशव्यांचे बंधू रघुनाथराव आणि दमाजी यांनी मिळून अहमदाबाद घेतले. उमाबाईंनी वीस वर्षांपूर्वी ज्या शहरावर धाक बसवला ते आता खरोखर मराठ्यांचे झाले. हे यश मी नाकारत नाही. एकमुखी सत्ता जिंकायला सोयीची असते. पण याच कराराची दुसरी बाजू वाचली पाहिजे. दमाजींनी दाभाड्यांचा पक्ष सोडावा, निम्मी गुजरात पेशव्यांना द्यावी, दरसाल सव्वापाच लाखांची खंडणी भरावी, आणि दाभाड्यांच्या घराच्या चरितार्थासाठी काही रक्कम द्यावी, असे ठरले. ज्या घराच्या नावाने गायकवाड गुजरातेत गेले, त्या घराचा गुजारा आता गायकवाडांच्या नेमणुकीवर चालणार होता. पेशव्यांनी दाभाड्यांना नष्ट केले नाही, त्यांना पोटगीवर ठेवले. या यादवीत हरणाऱ्याचा जीव बहुधा वाचे, पण त्याचे पद वाचत नसे. उमाबाईंच्या शेवटच्या वर्षांचे स्वरूप या एका कलमात जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसत नाही.

ताराबाईंशी तुलना केली की हे आणखी लख्ख होते. ताराबाईंनी राजालाच कैद केले होते, म्हणजे त्यांचा अपराध पेशव्यांच्या दृष्टीने उमाबाईंहून कितीतरी मोठा. तरी साताऱ्याचा किल्ला आणि रामराजा त्यांच्या ताब्यात राहिले. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीच्या खंडोबासमोर पेशव्यांनी आणि त्यांनी शपथा घेऊन समेट केला. त्या १७६१ पर्यंत जगल्या, मानाने गेल्या, संगम माहुलीला त्यांची समाधी आहे. त्यांच्याकडे सौद्याला ठेवायला एक राजा होता. उमाबाईंकडे ठेवायला फक्त हक्क होता, आणि फौज हरल्यावर हक्काला किंमत उरली नाही. २८ नोव्हेंबर १७५३ रोजी त्या पुण्यात वारल्या. आळंदीच्या भेटीला त्या वेळी तीन वर्षे आणि सहा दिवस झाले होते. अहमदाबाद त्याच वर्षी मराठ्यांच्या हाती आले होते, आणि त्या फौजेत आघाडीला होता तो त्यांच्याच पिलाजींचा मुलगा, त्यांचा पक्ष सोडून गेलेला.

देह तळेगावच्या मातीशी जोडला गेला. आपल्याकडे राजघराण्यातल्या माणसांचे दहन होते आणि दहनाच्या किंवा अस्थींच्या जागेवर चौथरा बांधून त्यावर लिंग किंवा पादुका बसवतात. त्या चौथऱ्याची रोज पूजा होते, म्हणजे गेलेल्या माणसाला देवाच्या शेजारी जागा मिळते. बनेश्वरापाशी खंडेराव आणि उमाबाई दोघेही आहेत. एक सेनापतिपदाच्या भरात गेलेला, दुसरी ते पद गमावून गेलेली. पुण्यात, हरलेल्या अवस्थेत मरण आलेल्या बाईची समाधी पुण्यात झाली नाही, तळेगावात झाली, याचा मी एक अर्थ लावतो. जहागीर आणि पद हे राज्याने दिलेले होते, ते राज्याने काढून घेतले. गाव दिलेले नव्हते. दाभाडे तळेगावचे पाटील होते ते शाहू, पेशवे आणि सेनापतिपद यांच्या आधीपासून. ते नाते तोडण्याचा अधिकार पेशव्यांकडे नव्हता आणि त्यांनी तो वापरलाही नाही. गावाच्या आणि नगरपरिषदेच्या नावात आजही दाभाडे आहेत. कोणी म्हणेल, वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या समाध्या राखणे हे कोणत्याही घराण्यात होते, त्यातून राजकीय अर्थ काढू नये. पण पराभूतांच्या समाध्या सगळीकडे राहत नाहीत. जिथे जिंकणाऱ्याला हरलेल्याची आठवण नको असते तिथे त्या पुसल्या जातात. इथे पेशव्यांच्या राजधानीपासून एका मुक्कामावर, पेशव्यांशी लढलेल्या बाईची समाधी टिकली. मराठ्यांच्या राजकारणात हरलेल्या शत्रूशीही एक घरोबा राखला जाई, त्याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे, आणि त्याचे श्रेय पेशव्यांनाही द्यायला माझी हरकत नाही.

याच मावळात आणखी एक उदाहरण आहे, बाजूला का होईना, सांगायला हवे. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज रघुनाथरावांना गादीवर बसवायला घाट चढून तळेगावपर्यंत आली. म्हणजे तीही पेशव्यांच्या घरातल्या यादवीतूनच ओढली गेलेली. कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठ्यांनी त्याच्या शौर्याला दाद म्हणून ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले, आणि वडगाव मावळला त्याचे स्मारक दाखवतात. परक्या फौजेतल्या एका कप्तानाला आपण फाकडा म्हणून लक्षात ठेवले. तेवढ्याच मोकळेपणाने उमाबाईंचा पराभव लक्षात ठेवायला काय हरकत आहे? उमाबाई शूर होत्या हे सांगून आपण थांबतो, कारण तेवढ्याने कोणी दुखावत नाही. त्या पेशव्यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या, त्यांचे म्हणणे पूर्ण बरोबर नसले तरी निराधारही नव्हते, आणि त्यासाठी त्यांनी सगळे गमावले, हे सांगितले तर दोन्हीकडच्या अभिमान्यांना थोडे अवघडल्यासारखे होईल. होऊ द्यावे. इतिहासात दोन चांगली माणसे एकमेकांविरुद्ध असू शकतात हे शाळेतल्या मुलांनाही पेलते. बाजीराव मोठे होते म्हणून त्र्यंबकराव गद्दार ठरत नाहीत, आणि उमाबाईंना मान दिला म्हणून नानासाहेब लहान होत नाहीत.

म्हणून तळेगाव, इंदोरी, चाकण आणि आळंदी या गावांत राहणाऱ्यांना, तिथल्या शाळांना आणि नगरपरिषदांना माझी एक विनंती आहे. उमाबाईंची जयंती-पुण्यतिथी साजरी होईल तेव्हा अहमदाबादच्या मोहिमेबरोबर आळंदीची भेटही सांगा. आळंदीत रोज हजारो वारकरी येतात, तिथे २२ नोव्हेंबर १७५० या दिवसाची एक पाटी लावायला फार खर्च येणार नाही. आणि चाकणच्या कामाला जाता-येता ज्यांच्या हाताशी अर्धा तास असेल त्यांनी इंदोरीला वळावे, गढीचा दरवाजा पाहावा, मग तळेगावला बनेश्वरापाशी जावे. मुले बरोबर असतील तर त्यांना १७३३ आणि १७५३ या दोन्ही साली काय झाले ते सांगावे.